नागपुरात सागवानी टीव्ही युनिट करताय? आधी मे आणि ऑगस्टचा हिशोब मांडा

मे महिन्याच्या रात्री टीव्ही बंद असतो, घर शांत असतं आणि हॉलमधून 'टक्' असा आवाज येतो. सकाळी नीट पाहिलं तर गेल्या पावसाळ्यात हौसेने करून घेतलेल्या सागवानी टीव्ही युनिटच्या वरच्या फळीला काठापासून आत जाणारी भेग दिसते. मग ठरलेला वाद सुरू होतो. घरमालक म्हणतो, लाकूड कच्चं दिलं. मिस्त्री म्हणतो, भाऊ, यंदा ऊनच किती आहे! दोघांच्या बोलण्यात थोडं तथ्य असतं. पण बहुतेक वेळा मूळ कारण तिसरंच निघतं. फळीला आकसायचं होतं आणि चारही बाजूंनी ठोकलेल्या स्क्रूंनी तिला आकसू दिलं नाही.

पावसाळ्यात दारं फुगतात हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. संडासाचं दार जुलैत लागत नाही आणि डिसेंबरमध्ये आपोआप लागायला लागतं. तेच लाकूड टीव्हीखाली ठेवल्यावर मात्र ते दगडासारखं स्थिर राहील, अशी आपली अपेक्षा असते. प्लाय आणि एमडीएफच्या फर्निचरने लावलेली ही सवय आहे. प्लायमध्ये पातळ थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले असतात, त्यामुळे एक थर दुसऱ्याला पसरू देत नाही. अख्ख्या लाकडाच्या फळीला असं धरून ठेवणारं आत काहीच नसतं.

लाकूड नेमकं करतं काय?

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची घट्ट बांधलेली पेंढी असं समजा. झाड तोडल्यावर आधी नळ्यांच्या पोकळीतलं पाणी जातं. त्याने फळीचं वजन कमी होतं, पण माप बदलत नाही. ओलावा साधारण २८ ते ३० टक्क्यांच्या खाली आला की नळ्यांच्या भिंतींमध्ये मुरलेलं पाणी निघू लागतं, भिंती बारीक होतात आणि फळी आकसते. हवा पुन्हा दमट झाली की भिंती हवेतली वाफ शोषून परत फुगतात. लाकूड कितीही जुनं असलं तरी हे थांबत नाही. वाड्यातून निघालेलं शंभर वर्षांचं सागवान चांगलं वाळलेलं असतं, आणि हा त्याचा मोठा फायदाच आहे. पण ते फुगायचं थांबलेलं नसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. लाकूड सगळीकडून सारखं बदलत नाही. रेषांच्या दिशेने, म्हणजे फळीच्या लांबीत, बदल नगण्य असतो. सहा फुटी फळी लांबीत वर्षभरात एक मिलिमीटरही इकडेतिकडे होत नाही. सगळा खेळ रुंदीत असतो. त्यातही फळी लाकडातून कशी कापली यावर बरंच अवलंबून आहे. फळीच्या टोकाकडून पाहा. झाडाची वर्तुळं कमानीसारखी आडवी दिसत असतील तर ती फळी जास्त हलणार आणि तिला बाकही येणार. वाळताना तिच्या कडा सालीच्या बाजूला उचलल्या जातात. वर्तुळं उभ्या रेघांसारखी दिसत असतील तर ती फळी जवळपास निम्मीच हलेल. लाकूड निवडताना हे पाहायला दोन मिनिटं लागतात आणि एक पैसा लागत नाही. तरी बहुतेक लोक फक्त वरची नक्षी पाहून फळी उचलतात. नक्षी सुंदर दिसते ती बहुधा कमानीवाल्या फळीवरच, हीच यातली गंमत.

नागपूरची हवा

हा प्रश्न मुंबईत इतका तीव्र नाही, कारण तिथे बाराही महिने दमट असतं. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी हवेची सापेक्ष आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत, कधी त्याहूनही खाली उतरते. मे २०१३ मध्ये शहरात ४७.९ अंश तापमान नोंदवलं गेलं होतं. मग जूनच्या मध्यावर पाऊस लागतो आणि ऑगस्टपर्यंत आर्द्रता ७५-८० टक्क्यांवर जाते. उघड्या हवेत ठेवलेलं लाकूड पहिल्या परिस्थितीत ४-५ टक्के ओलाव्यावर स्थिरावू पाहतं, आणि दुसऱ्या परिस्थितीत १५ टक्क्यांच्या आसपास. घरात हा फरक कमी होतो, पॉलिशमुळे तो आणखी सावकाश घडतो. तरी घरातल्या फर्निचरसाठी ६ टक्क्यांचा चढउतार धरून चालणं शहाणपणाचं.

भारतीय मानक ब्युरोलाही देश एका मापात बसवता आलेला नाही. लाकडात किती ओलावा चालेल हे सांगणाऱ्या आयएस २८७ या मानकात हवेच्या आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग केले आहेत. केरळच्या किनाऱ्यावर चालणारी फळी विदर्भात चालेलच असं नाही, हे त्यात गृहीतच आहे.

'सागवान आहे, काही होत नाही'

नागपुरात हे वाक्य ऐकायला मिळणं साहजिक आहे. हा सागवानाचाच मुलूख. मध्य प्रांताची, म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेसची राजधानी नागपूर होती. तो प्रांत केव्हाच इतिहासजमा झाला, पण व्यापारी अजूनही इथल्या सागवानाला 'सीपी टीक' म्हणतात. लकडगंज या वस्तीचं नावच लाकडाच्या बाजारावरून पडलेलं आहे. १९७४ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र वन विकास महामंडळाचं मुख्यालय नागपुरात आहे. आल्लापल्ली, बल्लारपूर ही नावं सागवानाच्या व्यवहारात देशभर माहीत आहेत. २०२३ मध्ये उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनासाठी सागवान नागपूरहून गेलं, आणि अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरच्या डेपोतून.

सागवानाची कीर्ती खोटी नाही. पूर्ण ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडं होईपर्यंत सागवान कमानीच्या दिशेने ५.८ टक्के आणि उभ्या वर्तुळांच्या दिशेने २.५ टक्के आकसतं. युरोपातलं बीच नावाचं लाकूड याच्या जवळपास दुप्पट आकसतं. म्हणजे सागवान कमी हलतं. पण 'कमी' म्हणजे 'शून्य' नव्हे, आणि सगळी गफलत इथेच होते.

हिशोब करून पाहू. ओलावा १ टक्क्याने बदलला की कमानीवाली सागवानी फळी रुंदीत साधारण ०.१९ टक्के बदलते. तुमचं युनिट ६ फूट लांब, १८ इंच खोल आणि २० इंच उंच आहे असं धरा. वरची फळी अरुंद पट्ट्या कडेला कडा चिकटवून १८ इंच रुंद केलेली, म्हणजे ४५७ मिलिमीटर. ओलावा ६ टक्क्यांनी बदलला तर ती ५ मिलिमीटर लहानमोठी होईल. मिस्त्रीच्या भाषेत दीड सूत. उभ्या वर्तुळांची फळी असेल तर पाऊण-एक सूत.

दीड सूत ऐकायला फार वाटत नाही. पण फळी दोन्ही बाजूंना स्क्रूने घट्ट आवळलेली असेल, तर ही दीड सूत जाणार कुठे? पावसाळ्यात बसवलेली फळी उन्हाळ्यात आकसते, स्क्रू सोडत नाहीत, मग ती सगळ्यात कमजोर जागी फाटते. उन्हाळ्यात बसवलेली फळी पावसाळ्यात फुगते, जागा मिळत नाही म्हणून मध्ये उचलली जाते किंवा आतल्या आत चिरडली जाते. ही चिरडलेली फळी पुढच्या उन्हाळ्यात आधीपेक्षाही लहान होते आणि तेव्हा भेग पडते. अशा वेळी लोक म्हणतात, 'एक वर्ष तर काही झालं नव्हतं!'

खोकं असं बांधा की सगळं एकत्र हलेल

लाकडाला रोखता येत नाही. हजारो वर्षांत ते कुणालाच जमलेलं नाही. करायचं इतकंच, की त्याला हलायला जागा द्यायची आणि ती जागा डोळ्यांना दिसणार नाही अशी ठेवायची.

युनिटचं मुख्य खोकं, म्हणजे वरची फळी, खालची फळी आणि दोन बाजू. वरच्या-खालच्या फळ्यांच्या रेषा लांबीत ठेवायच्या आणि बाजूंच्या रेषा उभ्या. असं केलं की चारही फळ्यांची रुंदी ही युनिटची खोली होते. पावसाळ्यात चौघी मिळून मागे-पुढे दीड सूत वाढतील, उन्हाळ्यात मिळून कमी होतील, आणि कोपऱ्यांचा जोड एकमेकांशी भांडणार नाही. मधल्या उभ्या कप्प्यांनाही हाच नियम. नक्षी छान दिसते म्हणून बाजूच्या फळ्यांच्या रेषा आडव्या, म्हणजे पुढून मागे घेतल्या, तर वरची फळी हलेल आणि बाजू जागची हलणार नाही. तिथे भेग ठरलेली.

या खोक्याला रेषांच्या आडवी जी जी गोष्ट जोडाल ती संशयाने पाहा. बाजूच्या फळीवर आतून ठोकलेली शेल्फची पट्टी, वरच्या फळीखाली आडवा दिलेला टेका, शोभेची बीडिंग, लोखंडी स्टँड, या सगळ्या त्यातच येतात. यांना दोन्ही टोकांना फेविकॉल लावून स्क्रू मारले की काम बिघडलं. पट्टीच्या पुढच्या टोकाचा स्क्रू साध्या गोल भोकातून घट्ट मारा. मधल्या आणि मागच्या स्क्रूंची भोकं पट्टीतच लंबगोल करा. ड्रिलने दोन भोकं शेजारी पाडून मधला भाग कानशीने काढला की झालं. हे लंबगोल भोक पुढून मागे असावं, लांबीला साधारण १० मिलिमीटर पुरे. स्क्रूखाली वॉशर घालून बेताने आवळा, जीव खाऊन नको. फळी आकसली-फुगली की स्क्रू त्या भोकात सरकतो.

पुढचं टोक घट्ट आणि मागचं मोकळं का? कारण समोरून दारं आणि फळीची कडा एका रेषेत दिसायला हवी. हालचाल मागे भिंतीकडे गेली तर कुणाला दिसत नाही. त्यासाठी युनिट भिंतीला चिकटवू नका, दोन इंच मोकळे सोडा. वायरींना जागा होते, आणि बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येत असेल तर तीही लाकडात उतरत नाही.

ड्रॉवरच्या टेलिस्कोपिक चॅनलचंही असंच. लोखंडी चॅनल हलत नाही, पण ती ज्या बाजूच्या फळीवर बसते ती पुढे-मागे हलते. चॅनलवर गोल भोकांबरोबर काही लांबट भोकं असतात. ती मुळात जागा जुळवण्यासाठी दिलेली असतात. इथे पुढचा स्क्रू गोल भोकात आणि मागचे लांबट भोकात मारले की दुसरंही काम होतं.

पाठीला प्लाय लावायला काहीच हरकत नाही. 'सगळं सागवानच पाहिजे' हा हट्ट इथे सोडलेला बरा. खाचेत बसवलेलं ६ मिलिमीटरचं प्लाय युनिट काटकोनात धरून ठेवतं. फक्त सेट-टॉप बॉक्स आणि अॅम्प्लिफायरच्या मागे हवेसाठी मोठी भोकं ठेवा. बंद कप्प्यात उपकरणाच्या उष्णतेने लाकूड एकाच बाजूने सुकत राहतं.

दारं: जुन्या वाड्याकडून शिकण्यासारखं

महालातल्या एखाद्या जुन्या वाड्याचं दार आठवा. बाहेर जाड चौकट, मध्ये पातळ पॅनल. ही रचना शोभेसाठी आली असं वाटतं, पण खरं कारण लाकडाचं फुगणं-आकसणं आहे. सोळा इंच रुंदीचं दार अख्ख्या फळीचं केलं तर वर्षभरात ते साडेचार मिलिमीटर लहानमोठं होईल, वर बाकही येईल. तेच दार चौकटीचं केलं आणि तिच्या उभ्या पट्ट्या अडीच-अडीच इंचाच्या असल्या, तर दाराच्या बाहेरच्या मापात फक्त त्या पाच इंचांचा बदल दिसेल, म्हणजे जेमतेम अर्धा सूत. मधलं ११ इंची पॅनल एक सूत हलेल, पण चौकटीच्या खाचेच्या आत, लपून.

यासाठी पॅनल खाचेत मोकळं राहायला हवं. खाचेला फेविकॉल नाही, चुका नाहीत. फार तर वरच्या आणि खालच्या खाचेत बरोबर मध्ये एक-एक थेंब, म्हणजे पॅनल दोन्हीकडे सारखं हलेल. खाच तीन सूत खोल ठेवा. आणि पॅनलला बसवण्याआधीच पॉलिश करा. नंतर केलं तर उन्हाळ्यात पॅनल आकसून खाचेतून बाहेर येतं आणि कडेला पांढरट, बिनपॉलिशची रेघ दिसते.

पॉलिशबद्दल एक गोष्ट अनेक कारागीर वेळ वाचवायला टाळतात. फळीच्या दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या, दोन्ही बाजूंना सारखेच हात द्यायला हवेत. वर पीयूचे चार थर आणि खाली कोरं लाकूड असेल तर खालची बाजू भराभर ओलावा घेते-सोडते, वरची सावकाश, आणि फळी वाकते. कोणतंही पॉलिश ओलावा पूर्ण अडवत नाही, फक्त वेग कमी करतं.

कोणत्या महिन्यात करताय?

मापं तीच असली तरी मोकळी जागा महिन्यानुसार बदलते, आणि नागपुरात हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. मे महिन्यात काम चाललं असेल तर लाकूड वर्षातलं सगळ्यात बारीक आहे, आता ते फुगणारच. अशा वेळी पॅनलच्या दोन्ही कडांना खाचेत पाऊण-पाऊण सूत मोकळं सोडा. सहा इंच उंचीचा ड्रॉवर मे महिन्यात हातमोज्यासारखा चपखल बसला म्हणून खूश होऊ नका, जुलैत तो अर्धा सूत फुगून अडकेल. ऑगस्टमध्ये काम करत असाल तर उलट. लाकूड फुगलेलं आहे, पॅनल खाचेत जवळपास तळापर्यंत जाऊ द्या, कारण पुढे ते आकसणारच आहे. दोन दारांमधली फटही तेव्हा कमीत कमी ठेवा, मे महिन्यात ती आपोआप वाढेल.

पर्याय असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर चांगले. लाकूड तेव्हा मधल्या अवस्थेत असतं आणि दोन्हीकडे थोडं थोडं हलतं.

आणि कूलर

वर सांगितलेल्या सगळ्या हिशोबात नागपूरच्या घरातली एक वस्तू गडबड करते, ती म्हणजे डेझर्ट कूलर. बाहेरची हवा २० टक्क्यांवर असली तरी कूलर चालू असलेल्या खोलीत ती भरपूर दमट असते. म्हणजे अशा घरातलं लाकूड भर मे महिन्यातही फुगलेलं असू शकतं. तिथे खरा कोरडा काळ कूलर सुरू होण्याआधीचा, मार्च ते एप्रिलच्या सुरुवातीचा. किंवा कुटुंब घर बंद करून पंधरा दिवस गावाला जातं तेव्हाचा. एसीच्या खोलीत उलट, हवा कोरडी राहते.

यातून दोन अडचणी होतात. पहिली, वर्कशॉप आणि घर यांतला फरक. टिनाच्या शेडमध्ये मे महिन्यात ५ टक्क्यांपर्यंत सुकलेलं युनिट कूलरच्या हॉलमध्ये आणलं की ते लगेच फुगायला लागतं. दुसरी, कूलरचा झोत. युनिटची एक बाजू थेट झोतात असेल तर ती दमट राहते, दुसरी कोरडी, आणि उत्तम बांधलेली फळीही वाकते. युनिटची जागा ठरवताना टीव्हीचा पॉइंट कुठे आहे हे सगळे पाहतात. कूलरची खिडकी कुठे आहे हेही पाहा.

म्हणून लाकूड विकत घेतल्यावर लगेच कापायला देऊ नका. जाडीत थोडं जास्त ठेवून फळ्या कापून घ्या, आणि ज्या खोलीत युनिट राहणार तिथे मध्ये पट्ट्या घालून दोन-तीन आठवडे रचून ठेवा. हवा चारही बाजूंनी फिरली पाहिजे, प्लास्टिक गुंडाळायचं नाही. लाकूड भट्टीत वाळवलेलं असलं तरी हे करावं, कारण भट्टीतून निघाल्यावर ते गोदामातल्या हवेप्रमाणे पुन्हा ओलावा घेतं. मॉइश्चर मीटर जवळ असेल तर फळीच्या मधल्या भागात मोजा, टोकाला नको. टोकं नेहमीच जास्त सुकलेली असतात. ८ ते १० टक्क्यांच्या आसपास आकडा आला आणि आठवडाभर तसाच राहिला की रंधा मारायला हरकत नाही. १५-१६ दाखवत असेल तर मिस्त्री कितीही घाई करोत, थांबा.

भेग आधीच पडली असेल तर?

लगेच लांबी किंवा फेविकॉल-भुसा भरू नका, निदान उन्हाळ्यात तरी नाही. मे महिन्यात भेग सगळ्यात रुंद असते. ती कडक मसाल्याने भरली की ऑगस्टमध्ये फळी फुगते, भेगेला मिटायला जागा नसते आणि फळी शेजारी दुसरीकडे फाटते किंवा मसाला बाहेर ढकलला जातो. आधी युनिट पुढे ओढून खालून पाहा, फळी कुठे आवळली आहे. आडव्या पट्ट्यांचे मागचे स्क्रू काढून त्यांची भोकं लंबगोल करा. फेविकॉलने चिकटवलेली पट्टी असेल तर पटाशीने सोडवून फक्त स्क्रूवर बसवा. नुसतं इतकं केल्यावर बऱ्याचदा भेग पहिल्या पावसातच निम्मी मिटते. उरलेली ऑक्टोबरपर्यंत तशीच राहू द्या. तोवर ती स्थिर झाली असेल तर त्याच लाकडाची पातळ चिप कापून, रेषेला रेषा जुळवून, फेविकॉलने भेगेत बसवा आणि वरून रंधा मारा. रंग जुळावा म्हणून चिप युनिटच्याच पाठीमागच्या, न दिसणाऱ्या कडेतून काढता आली तर उत्तम.